घड्याळाची टिकटिक आणि संकलकाची कात्री

अमेरिकेत रविवारची संध्याकाळ झाली आणि सात वाजले, की सीबीएस वाहिनीच्या पडद्यावर एक स्टॉपवॉच उमटते. त्याची टिकटिक ऐकू येते. शीर्षकगीत नाही, वाद्यवृंद नाही, झगमगता स्टुडिओही नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बसलेले वार्ताहर त्या दिवशीच्या गोष्टींची ओळख करून देतात आणि 'सिक्स्टी मिनिट्स' सुरू होते. १९६८ पासून हा कार्यक्रम चालू आहे. त्याच्या बरोबरीने सुरू झालेल्या बहुतेक मालिकांची नावेही आज कुणाला आठवत नाहीत.

हा शिस्तबद्ध, काहीसा जुन्या वळणाचा कार्यक्रम जुलै २०२५ मध्ये जगभरच्या बातम्यांचा विषय झाला. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी तडजोड केली आणि एक कोटी साठ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वाद कशाचा होता? एका मुलाखतीतील एका उत्तराचा कोणता भाग दाखवला आणि कोणता गाळला, याचा. काही सेकंदांच्या काटछाटीला एवढी किंमत यावी, याचे कारण राजकारणात आहेच. पण ज्याला 'न्यूज मॅगझिन' म्हणतात त्या कार्यक्रमाच्या घडणीतही ते आहे. हा प्रकार बातमी देण्यापेक्षा बातमीची गोष्ट रचतो, आणि गोष्ट रचायची म्हणजे कात्री चालवावी लागते.

'लाइफ' मासिकाचे बोट धरून

या प्रकाराचा जनक म्हणून डॉन ह्युइट यांचे नाव घेतले जाते. १९५१ मध्ये एडवर्ड मरो आणि फ्रेड फ्रेंडली यांनी सीबीएसवर 'सी इट नाऊ' सुरू केले, तेव्हा ह्युइट त्याचे दिग्दर्शक होते. १९६० मधील केनेडी आणि निक्सन यांच्या पहिल्या दूरचित्रवाणी वादसभेची निर्मितीही त्यांचीच. पुढे सीबीएसच्या सायंकालीन बातम्यांवरून त्यांना दूर करण्यात आले आणि हाताशी फारसे काम उरले नाही. त्या रिकाम्या काळात त्यांच्या डोक्यात ही कल्पना घोळू लागली.

त्या वेळी अमेरिकी दूरचित्रवाणीवर दोनच गोष्टी होत्या. एक, रोजचे बातमीपत्र. त्यात एका घटनेला मिळणार दीड-दोन मिनिटे. दुसरी, एका विषयाला वाहिलेला तासाभराचा माहितीपट. तो आदराने उल्लेखला जाई, पण पाहिला कमी जाई. ह्युइट यांनी मधली वाट काढली. एकाच तासात तीन वेगवेगळ्या गोष्टी, प्रत्येकीला बारा-तेरा मिनिटे, गंभीर विषयाच्या शेजारी हलका विषय. त्यांच्यासमोर आदर्श होता 'लाइफ' या छायाचित्र-साप्ताहिकाचा. एका अंकात मेरिलिन मन्रोच्या कपाटात डोकावता येत असेल, तर त्याच अंकात रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या प्रयोगशाळेतही जाता येते, अशी त्यांची मांडणी होती. मरो यांचीही दोन रूपे त्यांनी जवळून पाहिली होती. 'सी इट नाऊ'मध्ये सिनेटर मॅकार्थी यांना अंगावर घेणारे मरो आणि 'पर्सन टू पर्सन'मध्ये नटनट्यांच्या दिवाणखान्यात गप्पा मारणारे मरो. दोघांना एकाच कार्यक्रमात बसवायचे, हा सगळा बेत.

२४ सप्टेंबर १९६८ रोजी, मंगळवारी रात्री दहा वाजता पहिला भाग दाखवला गेला. हॅरी रिझनर आणि माइक वॉलेस हे निवेदक. रिझनर शांत, घरातल्या वडीलधाऱ्यासारखे. वॉलेस उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखे. उमेदवारीचे मतदान चालू असताना हॉटेलच्या खोलीत बसून ते पाहणारे निक्सन आणि हम्फ्री, अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलची पोलिसांच्या वर्तनावरची मुलाखत, आणि शेवटी सॉल बास यांचा माणूस निर्मिती का करतो यावरचा लघुपट. हा मेळ त्या काळी विचित्र वाटला असणार. आज कोणत्याही रविवार पुरवणीचे पान उघडले, तरी असाच मेळ दिसतो.

सुरुवातीला कार्यक्रम एक आड एक मंगळवारी लागे आणि प्रेक्षकसंख्या यथातथाच होती. नशीब फळफळले ते १९७५ च्या अखेरीस, रविवारी संध्याकाळी सातची वेळ मिळाल्यावर. तिथेही एक सरकारी नियमच कामी आला. रविवारचा तो तास मनोरंजनाच्या मालिकांसाठी वापरण्यास वाहिन्यांना मनाई होती; मुलांचे किंवा सार्वजनिक प्रश्नांवरचे कार्यक्रम तेवढे चालत. त्यातच सीबीएसवर दुपारी फुटबॉलचे सामने असत, आणि सामना संपल्यावर खुर्चीतून न उठलेला प्रेक्षक आयताच हाती लागे. १९७९-८० च्या हंगामात हा कार्यक्रम अमेरिकेत सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम ठरला. एकूण पाच हंगामांत त्याने पहिला क्रमांक मिळवला. बातम्यांच्या कार्यक्रमाने विनोदी मालिकांना मागे टाकावे, ही तोवर कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

बारा मिनिटांचे नाटक

या कार्यक्रमाचा साचा वरवर साधा दिसतो. प्रत्येक गोष्टीच्या आरंभी वार्ताहराच्या मागे मासिकाचे उघडलेले पान दिसते. त्यावर मथळा असतो, चित्र असते आणि निर्मात्याचे नाव असते. ते नाव तिथे असण्याला कारण आहे. प्रेक्षकाला वाटते, ही शोधाशोध पडद्यावर दिसणाऱ्या वार्ताहराची. प्रत्यक्षात विषय हेरणे, कागदपत्रे मिळवणे, साक्षीदारांशी आधी बोलून ठेवणे, त्यांना कॅमेऱ्यासमोर बसायला राजी करणे, हे बरेचसे काम निर्माता आणि त्याचे सहकारी करतात. वार्ताहर एकाच वेळी अनेक गोष्टींवर काम करीत असतो. मुलाखतीच्या दिवशी तो येतो आणि प्रश्न विचारतो. प्रेक्षकाच्या मनात कथेचा नायक तोच ठरतो.

आणि नायक तर हवाच. न्यूज मॅगझिनच्या गोष्टीत बहुधा एक अन्याय झालेला माणूस असतो, एक अन्याय करणारा असतो आणि दोघांच्या मध्ये प्रश्न विचारणारा वार्ताहर. आरंभीच्या मिनिटातच काय पणाला लागले आहे ते कळते. मध्यावर नवे कागद किंवा नवा साक्षीदार येतो. शेवटी ज्याच्यावर ठपका आहे त्याच्यासमोर ते कागद ठेवले जातात, आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकतो. कपाळावरचा घाम, आवंढा गिळणे, खुर्चीत चुळबुळणे यांना बातमीत जागा नसते. इथे तो पुरावा होऊन बसतो. कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीचीही किंमत नाही, हा भाग वेगळा.

माइक वॉलेस यांनी ही कला टोकाला नेली. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतील कर्मचारी ओलीस असताना ते आयातुल्ला खोमेनी यांच्यासमोर बसले आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी खोमेनींना वेडा म्हटल्याचे त्यांच्या तोंडावर सांगितले. दुभाष्यालाही ते भाषांतर करणे जड गेले. अचानक कार्यालयात किंवा गाडीच्या वाहनतळावर गाठून प्रश्न विचारण्याची पद्धतही याच कार्यक्रमाने रूढ केली. तीवर इतकी टीका झाली, की १९८१ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स'ने आपल्याच पद्धतींची झडती घेणारा एक भाग दाखवला.

तीन गोष्टी संपल्या, की शेवटी दोन-तीन मिनिटांचे स्फुट. १९७८ पासून २०११ पर्यंत ही जागा अँडी रूनी यांची होती. टेबलाच्या खणात साठलेले भंगार, औषधाच्या बाटलीतला कापूस असल्या विषयांवर कुरकुरणाऱ्या या गृहस्थांची हजाराहून अधिक स्फुटे झाली. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. अग्रलेखाच्या पानावरचे चुरचुरीत सदर ते हेच.

ह्युइट यांचा आणखी एक आग्रह होता आणि तो दूरचित्रवाणीच्या माणसाच्या तोंडी नवल वाटावा असा होता. त्यांच्या मते प्रेक्षकाला संचासमोर खिळवून ठेवतो तो कान, डोळा नव्हे. संकलनाच्या खोलीत कच्ची फीत पाहताना ते वाक्ये ऐकत, आणि जिथे ऐकणे अडखळले तिथे कापाकापीचा हुकूम सोडत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'टेल मी अ स्टोरी' असे आहे.

एका खुर्चीतले संभाषण

मुलाखत तास-दीड तास चालते. पडद्यावर त्यातील पाच-सात मिनिटे येतात. कापलेले जोड दिसू नयेत यासाठी संकलकाकडे ठरलेल्या युक्त्या असतात. उत्तर देणाऱ्याचे एक वाक्य संपले आणि दुसरे खूप पुढचे वाक्य जोडायचे असेल, तर दोन्हींच्या मध्ये वार्ताहराचा मान डोलावतानाचा चेहरा टाकला जातो. कधी टेबलावरचे हात, कधी भिंतीवरचे छायाचित्र. आवाज सलग चालू राहतो आणि प्रेक्षकाला वाटते, संभाषणही सलग आहे. वाक्य चालू असताना बोलणाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला, तर तिथे जोड असण्याचा संभव मोठा, एवढी खूणगाठ प्रेक्षकाने बांधायला हरकत नाही.

फिल्मच्या दिवसांत बाहेरगावी बहुधा एकच कॅमेरा नेला जाई. तो पाहुण्यावर रोखलेला असे. मुलाखत संपल्यावर कॅमेरा फिरवायचा आणि वार्ताहराने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, ही सर्रास पद्धत होती. पाहुणा कधी समोर असे, कधी निघूनही गेलेला असे. दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न पहिल्याइतका चाचरत विचारला जात नाही. तो अधिक नेमका होतो, अधिक कडक होतो, आणि मूळ उत्तर मात्र त्या मवाळ प्रश्नाचे असते. यात खोटे म्हणावे असे काही नाही. तरीही पाहुण्याला घरी बसून कार्यक्रम पाहताना आपण असे बोललोच नव्हतो असे वाटते, ते यामुळे.

जे दाखवले नाही, त्या फितीचे मग काय होते? या प्रकाराचा अर्ध्या शतकाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

पहिला मोठा खटका १९७१ मध्ये उडाला. तो न्यूज मॅगझिनवरून उडाला नव्हता; सीबीएसच्या 'द सेलिंग ऑफ द पेंटॅगॉन' या माहितीपटावरून उडाला. अमेरिकी लष्कर स्वतःच्या प्रसिद्धीवर जनतेचा पैसा कसा उधळते, हा त्याचा विषय. त्यात एका कर्नलच्या भाषणातील निरनिराळ्या ठिकाणची वाक्ये सलग असल्यासारखी जोडलेली होती, आणि संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याची उत्तरे इकडची तिकडे झाली होती. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने न दाखवलेली फिल्म मागितली. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी ती देण्यास साफ नकार दिला. वार्ताहराच्या वहीतील टिपणे सरकार मागू शकत नाही, तशी ही फिल्मही मागू शकत नाही, अशी भूमिका होती. त्यांच्यावर अवमानाचा ठराव आला, तो प्रतिनिधिगृहाने १८१ विरुद्ध २२६ मतांनी परत पाठवला. स्टँटन जिंकले. गंमत अशी, की लष्कराच्या खर्चाविषयीची माहितीपटाची मूळ तक्रार त्या गदारोळात बाजूला पडली आणि चर्चा झाली ती जोडलेल्या वाक्यांची.

दुसरा प्रसंग थेट 'सिक्स्टी मिनिट्स'चा. व्हिएतनाममधील अत्याचार वरिष्ठांनी दडपले, असा आरोप अँथनी हर्बर्ट या लष्करी अधिकाऱ्याने केला होता. १९७३ मध्ये कार्यक्रमाने त्याच्या सांगण्यावरच प्रश्नचिन्ह लावले. हर्बर्टने बदनामीचा दावा ठोकला. त्याच्या वकिलांनी निर्माते बॅरी लँडो यांना विचारले, अमुक माणसावर विश्वास का ठेवला, तमुक भाग का गाळला, वॉलेस यांच्याशी त्यावर काय बोलणे झाले? लँडो यांची जबानी वर्षाहून अधिक काळ अधूनमधून चालली आणि तिचे २६ खंड, जवळजवळ तीन हजार पाने भरली. मनातले विचार सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असा लँडो यांचा पवित्रा होता. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दावेदाराला संपादकीय खोलीचे दार ठोठावता येते, असा त्या निकालाचा अर्थ. पुढे १९८६ मध्ये हर्बर्टचा दावा निकालात निघाला तो त्याच्या विरोधात; पण दार उघडले ते उघडलेच.

नफा दिसू लागल्यावर

'सिक्स्टी मिनिट्स' यशस्वी होईपर्यंत अमेरिकी वाहिन्या बातम्यांकडे कर्तव्य म्हणून पाहत. परवाना टिकवायचा तर लोकहिताचे काही दाखवणे आले. त्यातला तोटा मनोरंजनाच्या नफ्यातून भरून निघे. या कार्यक्रमाने बातम्यांतूनही पैसा मिळतो हे दाखवून दिले. कथामालिकेपेक्षा बराच कमी खर्च आणि जाहिराती मात्र तेवढ्याच. मग इतरांनी उडी घेतली नसती तरच नवल. एबीसीने १९७८ मध्ये 'ट्वेंटी ट्वेंटी' आणले, १९८९ मध्ये 'प्राइमटाइम लाइव्ह'. सीबीएसनेच १९८८ मध्ये 'फॉर्टीएट अवर्स' काढले. एनबीसीने अनेक अपयशी प्रयत्नांनंतर १९९२ मध्ये 'डेटलाइन' आणले आणि दशक संपेपर्यंत ते आठवड्यातून अनेक रात्री दिसू लागले. बातमीला नफ्याची चटक लावल्याचे पाप आपल्या कार्यक्रमाच्या माथी येते, हे ह्युइट स्वतःही बोलून दाखवीत.

रात्रीमागून रात्री भरायच्या, तर गोष्टीही तेवढ्याच थरारक हव्यात. नोव्हेंबर १९९२ मध्ये 'डेटलाइन'ने जनरल मोटर्सच्या मालवाहू गाड्या बाजूने धडक बसल्यास पेट घेतात, हे प्रात्यक्षिकासह दाखवले. धडक झाली, ज्वाळा उठल्या. त्या ठिणगीची सोय आधीच गाडीखाली बसवलेल्या लहान अग्निबाणांच्या इंजिनांनी केली होती, हे मात्र प्रेक्षकांना सांगितले नव्हते. कंपनीने छडा लावला, दावा लावला. फेब्रुवारी १९९३ मध्ये एनबीसीने त्याच कार्यक्रमात जाहीर माफी मागितली आणि वृत्तविभागाचे अध्यक्ष मायकेल गार्टनर यांना जावे लागले.

'सिक्स्टी मिनिट्स'चे हातही अशा बाबतीत स्वच्छ नव्हते. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्याने 'ऑडी ५०००' ही मोटार आपोआप वेग घेते, अशी गोष्ट दाखवली. पडद्यावर पेडल खरोखरच आपोआप खाली जाताना दिसले. त्यासाठी गाडीच्या यंत्रणेत एका तज्ज्ञाने बाहेरून फेरफार केला होता. १९८९ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाने अशा बहुतेक अपघातांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी चुकीच्या पेडलवर पडला, असा निष्कर्ष काढला. तोवर ऑडीचा अमेरिकेतील खप कोसळू लागला होता. १९८५ मध्ये वर्षाला ७४ हजार गाड्या विकणाऱ्या कंपनीने १९९१ मध्ये १२ हजारांच्या आसपास गाड्या विकल्या.

छुप्या कॅमेऱ्याचा कज्जा तर आणखी निराळा. एबीसीच्या वार्ताहरांनी खोटी माहिती देऊन फूड लायन या किराणा दुकानांच्या साखळीत नोकरी मिळवली आणि शिळे मांस विकले जात असल्याचे चित्रण १९९२ मध्ये दाखवले. कंपनीने बातमी खोटी असल्याचा दावा लावलाच नाही. नोकरी मिळवताना फसवणूक झाली, एवढीच तक्रार केली. १९९७ मध्ये ज्युरीने ५५ लाख डॉलरचा दंड ठोठावला. अपिलात १९९९ मध्ये नुकसानभरपाई उरली ती दोन डॉलर.

मात्र कात्री नेहमी वार्ताहराच्याच हातात असते असे नाही, हे १९९५ मध्ये दिसले. ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीचे माजी संशोधनप्रमुख जेफ्री वायगंड यांनी निर्माते लोवेल बर्गमन आणि माइक वॉलेस यांना मुलाखत दिली. कंपनीला निकोटिनविषयी काय माहीत होते आणि तिने काय लपवले, हे आतला माणूस सांगत होता. सीबीएसच्या वकिलांनी धोका दाखवला. वायगंड यांनी कंपनीशी गोपनीयतेचा करार केला होता. तो मोडायला लावल्याबद्दल वाहिनीवरच अब्जावधींचा दावा येऊ शकतो. त्याच सुमारास सीबीएस वेस्टिंगहाउस कंपनीला विकले जाणार होते, हे विसरून चालणार नाही. १२ नोव्हेंबरला गोष्ट दाखवली गेली ती वायगंड यांना वगळून. कार्यक्रमाच्या शेवटी वॉलेस यांनी व्यवस्थापनाविषयीची नाराजी पडद्यावरच व्यक्त केली. जानेवारी १९९६ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने वायगंड यांची न्यायालयीन जबानी छापली, मग ४ फेब्रुवारीला पूर्ण मुलाखत बाहेर आली. १९९९ चा 'द इन्सायडर' हा चित्रपट याच प्रकरणावरचा. संकलकाने गाळलेला भाग आणि मालकाने गाळलेला भाग पडद्यावर सारखाच दिसतो. म्हणजे दिसतच नाही.

व्हीसीआरवरचे मासिक

भारतात हा साचा आला तेव्हा त्याला वाहिनीच मिळाली नाही. दूरदर्शन सरकारच्या ताब्यात होते. प्रणय रॉय यांच्या 'द वर्ल्ड धिस वीक'ला १९८८ मध्ये दूरदर्शनवर जागा मिळाली. पण नावाप्रमाणे ते जगाविषयी होते. बर्लिनची भिंत पडताना शुक्रवारी रात्री भारतीय घरांतून दिसली, देशातले राजकारण मात्र खासगी निर्मात्याच्या हाती द्यायला सरकार तयार नव्हते. त्याच वर्षी 'इंडिया टुडे' समूहाने वेगळीच वाट काढली. मधू त्रेहान यांच्या संपादनाखाली 'न्यूजट्रॅक' हे मासिक निघाले, कागदाऐवजी व्हीएचएस कॅसेटवर. वर्गणीदाराला ते घरपोच मिळे; बाकीच्यांनी कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून हिंदी चित्रपटांच्या शेजारून भाड्याने आणायचे. मंडल आयोगाविरोधातील आंदोलनाची दूरदर्शनवर न दिसलेली दृश्ये अनेकांनी अशा कॅसेटवर पाहिली. विनीत नारायण यांचे 'कालचक्र' हे हिंदीतले असेच व्हिडिओ मासिक. हवाला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारे नारायण ते हेच.

या मासिकांवरची कात्री मात्र सरकारी होती. छापील मासिकाला कुणाची परवानगी लागत नसे. तोच मजकूर चित्रफितीवर आला, की तो कायद्याने चित्रपट ठरे आणि त्याला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागे. बातमी प्रमाणपत्राची वाट पाहत बसे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि कॅसेटवरची मासिके थोड्याच वर्षांत इतिहासजमा झाली.

एका उत्तराचे दोन तुकडे

आता पुन्हा त्या एक कोटी साठ लाख डॉलरांकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांची मुलाखत बिल व्हिटेकर यांनी घेतली. इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू अमेरिकेचे ऐकत नाहीत असे दिसते, या प्रश्नावरचे त्यांचे उत्तर लांबलचक होते. आदल्या दिवशी सीबीएसच्याच 'फेस द नेशन'मध्ये झलक म्हणून त्या उत्तराचा पहिला भाग दाखवला गेला. 'सिक्स्टी मिनिट्स'मध्ये दिसला नंतरचा, अधिक सुटसुटीत भाग. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे पाहून गहजब झाला. हॅरिस यांचे अडखळणे लपवण्यासाठी उत्तर बदलले, असा आरोप ट्रम्प यांनी केला आणि टेक्सासमध्ये दहा अब्ज डॉलरचा दावा लावला. पुढे तो वीस अब्जांवर नेला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार आयोगाच्या मागणीवरून सीबीएसने संपूर्ण मुलाखतीची असंकलित फीत आणि संहिता दिली, आणि सर्वांसाठी प्रसिद्धही केली. १९७१ मध्ये स्टँटन यांनी जे देण्यास नकार दिला होता, ते या वेळी मुकाट्याने दिले गेले. संहितेवरून दिसले ते एवढेच, की दोन्ही तुकडे एकाच सलग उत्तरातले होते. कोणताही शब्द बाहेरून आणलेला नव्हता. कायदेपंडितांतील बहुतेकांना दावा कमकुवत वाटत होता. पण पॅरामाउंटला स्कायडान्स या कंपनीत विलीन व्हायचे होते, त्यासाठी त्याच आयोगाची मंजुरी हवी होती. एप्रिलमध्ये कार्यक्रमाचे प्रमुख निर्माते बिल ओवेन्स यांनी, स्वतंत्रपणे निर्णय घेण्याची मुभा उरली नाही असे सांगून राजीनामा दिला. जुलैच्या आरंभी तडजोड झाली. त्याच महिन्यात विलीनीकरणाला मंजुरी मिळाली.

कात्री सगळीकडे निर्दोष असते, असा याचा अर्थ घेऊ नये. बीबीसीचे 'पॅनोरमा' हे १९५३ पासून चालणारे साप्ताहिक. अमेरिकी कार्यक्रमांहून वयाने मोठे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातील, जवळजवळ तासाभराच्या अंतराने उच्चारलेली दोन वाक्ये एकमेकांना जोडली. समर्थकांना संसदेकडे चला आणि जिवाच्या कराराने लढा, असे त्यांनी एका दमात सांगितल्याचा भास त्यातून झाला. वर्षभर ते फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकरण फुटले, बीबीसीने माफी मागितली आणि महासंचालक टिम डेव्ही यांच्यासह वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनीही पद सोडले. डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी फ्लोरिडात दावा दाखल केला.

तांत्रिकदृष्ट्या दोन्ही ठिकाणी घडले ते एकच, मधला भाग गाळला गेला. एका ठिकाणी बोलणाऱ्याचा आशय होता तसा राहिला, उत्तर आखूड झाले. दुसऱ्या ठिकाणी दोन वेगळी विधाने मिळून तिसरेच विधान तयार झाले, १९७१ मधल्या कर्नलच्या भाषणासारखे. हा फरक संकलनाच्या खोलीत बसलेल्याला क्षणात कळतो. घरात बसलेल्याला, मूळ फीत हाताशी नसेल, तर कधीच कळत नाही. न्यायालयात वीस अब्ज मागणाऱ्यांना आणि एक कोटी साठ लाखांवर सही करणाऱ्यांना तो कळत नव्हता, असे मानणे कठीण आहे.

तडजोडीत एक कलम आहे. अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या मुलाखती प्रक्षेपित झाल्यावर त्यांची संपूर्ण संहिता 'सिक्स्टी मिनिट्स' यापुढे प्रसिद्ध करील. कायदेशीर किंवा राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने गाळावे लागेल तेवढे वगळून. कलम उमेदवारांपुरतेच आहे. कारखान्यातला कामगार, रुग्णालयातली परिचारिका, कंपनीविरुद्ध तोंड उघडणारा कर्मचारी त्याच खुर्चीत बसून दीड तास बोलला आणि त्याची चार मिनिटे दाखवली गेली, तर उरलेली फीत पूर्वीसारखीच वाहिनीच्या कपाटात जाईल.